जलपानोत्तर आध्मान : दोष पाण्याचा की पिण्याचा?

‘डॉक्टर, नुसतं पाणी पिलं तरी पोट फुगतंय.’ वडूज व परिसरात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास हे वाक्य नवीन नाही. फाल्गुन उलटला, उन्हे तापू लागली, की ही तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढते. आपल्याजवळ तिची तीन तयार उत्तरे असतात. कोणी सांगतो, ‘पाणी कमी प्या.’ कोणी सांगतो, ‘बोअरचे पाणी जड आहे, निम्मे आटवून प्या.’ तर कोणी सांगतो, ‘सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर पाणी प्या, म्हणजे पोट साफ होईल.’ ही तिन्ही उत्तरे शास्त्राच्या आधाराने दिली जातात. परंतु रुग्ण, देश व पाणी न पाहता दिली, तर तिन्ही अपाय करू शकतात. म्हणून या नेहमीच्या तक्रारीचा थोडा मुळापासून विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका रुग्णेचे उदाहरण

वानगीदाखल एक रुग्णा पाहू. वय चाळिशीच्या आसपास, कांद्याच्या रानात रोजंदारीने काम करणारी. तक्रार अशी, की दुपारी जेवणानंतर पाणी प्यायले की बेंबीच्या वरचा भाग फुगतो, ढेकर येतात, वाकून काम करता येत नाही. प्रथम भेटीत आम्ही अग्निमांद्य गृहीत धरले, ‘पाणी बेताने घ्या’ असे सांगितले आणि हिंग्वष्टक चूर्ण दिले. पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा पोट थोडे हलके होते. परंतु मलावरोध वाढला होता आणि मूत्रदाह सुरू झाला होता.

तेव्हा कुठे आम्ही विचारावयाचे ते विचारले. रानात आडोसा नाही, म्हणून ती सकाळपासून दुपारपर्यंत पाणी पीतच नव्हती. बाराच्या सुमारास भाकरी खाऊन झाली, की साचलेली सारी तहान एका दमात भागवीत असे. तीही तांब्या उंच धरून, वरून धार घशात सोडून. आधीच अपुऱ्या असलेल्या पाण्यात आमच्या सल्ल्याने आणखी काटछाट झाली होती. चूक पाण्याची नव्हती व तिचीही नव्हती. इतिवृत्त अपुरे घेणाऱ्या आमची होती.

आध्मान व प्रत्याध्मान

‘पोट फुगते’ या एका लोकवाक्यात अनेक अवस्था दडलेल्या असतात. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात वातव्याधींमध्ये आध्मान व प्रत्याध्मान यांचा भेद सांगितला आहे. आध्मानात वाताचा निरोध होऊन उदर आटोपयुक्त व तीव्र वेदनायुक्त होते. प्रत्याध्मानाचे स्थान आमाशय असून तेथे वायू कफाने व्याकुळ झालेला असतो. पार्श्व व हृदय मोकळे राहतात.

पाणी पिताच पाच-दहा मिनिटांत नाभीच्या वर जडपणा व फुगवटा जाणवतो, तो बहुधा प्रत्याध्मानाच्या अंगाने जाणारा असतो. दोन-तीन तासांनी नाभीखाली गुरगुर, गच्चपणा व अपानवायूचा अवरोध जाणवतो, तेव्हा पक्वाशय व मलसंचय यांचा विचार करावा. पहिल्या प्रकारात सुश्रुतांनी वमन, लंघन व दीपन सांगितले आहे. दुसऱ्यात लंघन, हस्तस्वेद, दीपन, फलवर्ती व बस्ती. चिकित्सेची दिशाच निराळी असल्याने ‘पाणी पिल्यानंतर किती वेळाने व नेमके कोठे’ हा प्रश्न टाळता येत नाही.

शास्त्रातील जलपानविचार

अष्टांगहृदयाच्या द्रवद्रव्यविज्ञानीय अध्यायात वाग्भटांनी मंदाग्नी, गुल्म, पांडू, उदर, अतिसार, अर्श, ग्रहणी, शोष व शोथ या अवस्थांत पाणी टाळण्यास, आणि ते अशक्य असल्यास अल्प प्रमाणात घेण्यास सांगितले आहे. स्वस्थानेही शरद व ग्रीष्म हे दोन ऋतू वगळता पाणी बेतानेच प्यावे, असे ते म्हणतात. यातील ‘ग्रीष्म वगळता’ हा भाग आपण विसरतो. ग्रीष्मात उन्हात राबणाऱ्या माणसाला जलसंयम सांगणे हे वाग्भटांच्या मताविरुद्ध जाते.

मात्रेबाबत वाग्भटांनी कुक्षीचे चार भाग कल्पिले आहेत : दोन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वायूच्या संचारासाठी मोकळा. भाकरीने तीन भाग व्यापल्यावर वर तांब्याभर पाणी ओतले, तर वायूसाठी जागाच उरत नाही. भोजनाच्या आरंभी घेतलेले पाणी कृशता आणते, मध्ये घेतलेले समता राखते, शेवटी घेतलेले स्थौल्य आणते, हा कालविचारही तेथेच आहे. अजीर्णाच्या हेतूंमध्ये अत्यंबुपान हा हेतू विषमाशन व वेगधारण यांच्या जोडीने सांगितला आहे. वरील रुग्णेत हे तिन्ही एकत्र होते, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

उषःपानाची मर्यादा

गेल्या काही वर्षांत सकाळी अनशापोटी दीड-दोन लिटर पाणी पिण्याची प्रथा पसरली आहे व तिला ‘उषःपान’ हे शास्त्रीय नाव चिकटले आहे. भावप्रकाशात सूर्योदयाच्या सुमारास आठ प्रसृती जल पिण्यास सांगितले आहे. एक प्रसृती म्हणजे दोन पल, अर्थात आठ तोळे. आठ प्रसृतींचे चौसष्ट तोळे होतात, म्हणजे आजच्या मापाने सुमारे पाऊण लिटर. दोन लिटर हे प्रमाण त्याच्या अडीच-तीन पट आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे स्नेहपान केलेला, क्षती, शोधन घेतलेला, स्तिमितोदर, हिक्का व कफवातज व्याधी असलेला यांच्या जोडीने आध्मान असलेल्या रुग्णालाही भावमिश्रांनी हे जल वर्ज्य सांगितले आहे. ज्याचे पोट पाण्याने फुगते त्यालाच आपण पोट साफ होण्यासाठी उषःपान सांगतो, तेव्हा आधाराला घेतलेला ग्रंथच आपल्या विरुद्ध उभा राहतो. स्वस्थ व बलवान अग्नीच्या माणसासाठी सांगितलेला विधी रुग्णाला सरसकट लावू नये, एवढाच याचा अर्थ.

वायू येतो कोठून?

शुद्ध पाण्यापासून पोटात वायू तयार होत नाही. मग फुगवटा कशाचा? आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाच्या आधारे याची चार उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर गिळलेल्या हवेचे. प्रत्येक घोटाबरोबर काही मिलिलिटर हवा जठरात जाते. घाईने, उभ्याने, बोलता बोलता किंवा भांडे उंच धरून वरून पाणी प्यायल्यास ती वाढते. भांडे उष्टे होऊ नये म्हणून वरून पिण्याची आपल्याकडील रीत सार्वजनिक ठिकाणी स्वच्छतेच्या दृष्टीने योग्य आहे. परंतु आध्मानाच्या रुग्णाने घरी व रानात स्वतःचा पेला ठेवून ओठ लावून प्यावे.

दुसरे उत्तर जठराच्या ताणाचे. रिकाम्या पोटी पाणी लवकर पुढे सरकते. भरल्या पोटी ते अन्नाच्या आकारमानात भर घालते. काहींचे जठर ताणाला अधिक संवेदनशील असते. इतरांना न जाणवणारा ताण त्यांना ‘पोट फुटेल’ असा वाटतो, प्रत्यक्षात वायू फारसा नसला तरीही. अतिथंड पाणी पहिली काही मिनिटे किंचित संथपणे पुढे जाते. लग्नसमारंभात थंड जारचे पाणी पोटभर जेवणावर प्यायल्यानंतरच्या जडपणाचा काही भाग यात असावा.

तिसरे उत्तर मलसंचयाचे. आतडे आधीच भरलेले असेल तर जठर भरताच उद्भवणाऱ्या स्वाभाविक आंत्रगतीने कळ व गुरगुर वाढते. रुग्ण त्याचा दोष शेवटी घेतलेल्या पदार्थाला, म्हणजे पाण्याला देतो.

चौथे उत्तर पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांचे. आपल्या भागात याचीच चर्चा अधिक होते, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करू.

खटाव-माणचे पाणी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील खटाव-माणमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो. हीच स्थिती सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत भागाची. वडूज ज्या येरळेच्या काठी वसले आहे ती नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते. त्यामुळे विहीर व विंधन विहीर यांवर मोठी भिस्त राहते. काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट येते. पाऊस कमी, उपसा अधिक व बाष्पीभवन तीव्र असल्याने क्षारांचे प्रमाण उन्हाळ्यात वाढते.

सुश्रुतांनी कौप जल सक्षार, पित्तल, कफघ्न, दीपन व लघु सांगितले आहे. म्हणजे विहिरीचे पाणी केवळ विहिरीचे म्हणून आध्मानकर ठरत नाही. दोनशे-तीनशे फुटांवरून यंत्राने उपसलेल्या पाण्याचा विचार संहिताकारांपुढे असणे शक्य नव्हते. कौप वा औद्भिद जलाचे गुण त्याला सरसकट लावणे धाडसाचे होईल. त्याची परीक्षाच करावी लागते.

आता वायूचा हिशेब पाहू. बायकार्बोनेटचा जठरातील अम्लाशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. एक लिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असेल, तर त्यापासून सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यातून सुमारे २५ मिलिलिटर वायू निघू शकतो. घाईने घेतलेल्या वीस घोटांबरोबर याहून अधिक हवा आत जाऊ शकते. सोडावॉटरच्या बाटलीत तर तिच्या आकारमानाच्या तीन-चार पट वायू दाबून भरलेला असतो. तेव्हा ‘जड पाण्याने गॅस होतो’ या समजुतीत तथ्याचा अंश आहे, पण तो लहान आहे.

सल्फेट व मॅग्नेशियम यांचे प्रमाण फार असल्यास गोष्ट बदलते. ते आतड्यात पाणी ओढून धरतात. त्यामुळे गुरगुर व द्रवमल होऊ शकतो. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला हा त्रास होतो व गावकऱ्याला होत नाही, याचे कारण सवयीने आतडे बऱ्याच अंशी जुळवून घेते.

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगा मानला आहे. सल्फेटसाठी हे आकडे २०० व ४००, मॅग्नेशियमसाठी ३० व १००, तर फ्लोराइडसाठी १ व १.५ आहेत. नायट्रेटची मर्यादा ४५ असून तीत सवलत नाही.

उकळावे, परंतु आटवू नये

उष्णोदक दीपन, पाचन, लघु व बस्तिशोधन असून हिक्का, आध्मान, वात व कफ यांत प्रशस्त आहे, असे वाग्भटांनी सांगितले आहे. आध्मानात उष्णोदकाइतका सोपा व शास्त्रसंमत उपाय दुसरा नाही. सुश्रुतांनीही दूषित जलाच्या शुद्धीसाठी अग्निक्वथन सांगितले आहे. आपल्या भागात त्याचा एक अधिकचा लाभ डोळ्यांनी दिसतो : पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा थरारूपाने खाली बसतो. ते पाणी निवल्यावर न ढवळता वरचे गाळून घ्यावे.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे व प्रस्तुत लेखातील ती सर्वांत महत्त्वाची आहे. ग्रंथांत अर्धावशेष, पादावशेष अशा आटवलेल्या जलाचे उल्लेख आहेत. नायट्रेट, फ्लोराइड, सल्फेट व साधे मीठ उकळल्याने नाहीसे होत नाही. पाणी निम्मे झाले, की त्यांचे प्रमाण दुप्पट होते. ज्या विंधन विहिरीत लिटरला ३० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, ते पाणी मानकात बसते. अर्धावशेष केले की तेच ६० होऊन मर्यादेबाहेर जाते. रासायनिक खतांच्या रानातील व शौचखड्ड्याजवळील स्रोतांत नायट्रेट असण्याचा संभव अधिक असतो. अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध सहा महिन्यांखालील अर्भकाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटवू शकते. बाळ निळसर पडते व प्रसंगी जिवावर बेतते.

म्हणून तपासणी न झालेल्या पाण्यास चांगली उकळी आणावी, ती दोन-तीन मिनिटे राहू द्यावी व आच बंद करावी. अर्धावशेष जल वा षडंगपानीयासारखे कल्प करावयाचे असतील, तर तपासलेले अथवा गाळलेले पावसाचे पाणी घ्यावे. उकळलेले पाणी त्याच दिवशी संपवावे. शिळे शृतशीत जल वाग्भटांनी त्रिदोषकर म्हटले आहे. पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. आपल्या गावाचा अहवाल वैद्याच्या टेबलावर असावा, असे आम्हांस वाटते.

इतिवृत्तात विचारावयाचे प्रश्न

१. दिवसभरात एकूण किती पाणी, आणि त्यातील किती एका वेळी?
२. जेवणाच्या आधी, मध्ये की शेवटी? भूक लागल्यावर की तहान मारून?
३. ओठ लावून की वरून? बसून की उभ्याने? घाईने की घोटघोट?
४. नळाचे, विहिरीचे, बोअरचे, टँकरचे की जारचे? अलीकडे स्रोत बदलला काय?
५. थंड, साधे की कोमट? सोडा, शीतपेये किती?
६. फुगवटा किती वेळाने, नाभीच्या वर की खाली?
७. मलप्रवृत्ती व मूत्राचा रंग कसा? वेगधारण होते काय, व का?
८. पाण्याबरोबर दुसरे काय? दूध, हरभरा, मटकी, कच्चा कांदा यांनीही हेच होते काय?

शेवटचा प्रश्न विशेष उपयोगी पडतो. पुष्कळदा दोष दुधाचा वा द्विदल धान्याचा असतो आणि नाव पाण्याचे होते.

उपाययोजना

पहिला उपाय वाटणीचा. एकूण पाणी कमी न करता ते दिवसभर विभागावे. सकाळी उठल्यावर अर्धा पेला कोमट, नंतर तहानेनुसार दर तासा-दीड तासाने थोडे थोडे. जेवताना मधून मधून घोट घ्यावेत, एकूण एका लहान पेल्याहून अधिक नकोत. जेवणानंतर लागलीच पोटभर पाणी टाळावे. तासाभराने तहान लागेल तसे घ्यावे. उन्हात काम करणाऱ्याने मूत्राचा रंग फिकट राहील इतके पाणी घेतलेच पाहिजे. मूतखड्याचा पूर्वेतिहास असल्यास ‘पाणी कमी करा’ हे शब्द वैद्याच्या तोंडून निघू नयेत.

दुसरा उपाय संस्काराचा. एक लिटर पाण्यात चिमूटभर सुंठ अथवा अर्धा चमचा जिरे घालून उकळी आणावी व कोमट घोटघोट घ्यावे. आल्याचे पीक सातारा जिल्ह्यात मोठे असल्याने सुंठ सहज मिळते. पित्तप्रधान व्यक्तीस व ग्रीष्मात सुंठीऐवजी धने योजावेत.

तिसरा उपाय अनुलोमनाचा. मलावरोध असेल तर तो दूर केल्याशिवाय दीपन औषधे निष्प्रभ ठरतात. जेवणानंतर शतपावली व वेगांचे वेळीच विसर्जन यांचे महत्त्व सांगावे. नाभीखालील आध्मानात कोमट तेलाचे हलके अभ्यंग व शेक उपयोगी पडतो.

वर उल्लेखिलेल्या रुग्णेस आम्ही दुसऱ्या भेटीत औषध वाढविले नाही. घरून उकळून आणलेले पाणी, स्वतःचा पेला, सकाळच्या कामात दर तासाला थोडे पाणी, एवढेच सांगितले. आडोशाचा प्रश्न तिने व सोबतच्या बायकांनी शेतमालकाशी बोलून सोडविला. जुनी ताडपत्री बांधून झाली. तीन आठवड्यांत मूत्रदाह गेला, मलप्रवृत्ती सुधारली व पोट फुगण्याची तक्रार क्वचितच राहिली.

औषध विक्रेत्यांसाठी

या तक्रारीचा रुग्ण पुष्कळदा वैद्याआधी औषधालयाच्या फळीपाशी येतो. हिंग्वष्टक चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपातून घ्यावयाचे आहे. ते पाण्याबरोबर जेवणानंतर घेण्याचा प्रघात सुधारण्याजोगा आहे. लवणभास्कर चूर्ण नावाप्रमाणेच लवणप्रधान आहे. रक्तदाब, शोथ व मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना ते वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. तीव्र पित्ताच्या व गर्भिणी रुग्णांबाबतही उष्णतीक्ष्ण चूर्णे देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे.

खाण्याच्या सोड्याने पोट हलके होते, हा समज पक्का आहे. सुमारे चार ग्रॅम सोड्यास पुरेसे अम्ल मिळाल्यास सव्वा लिटर वायू निर्माण होऊ शकतो. ढेकर येऊन क्षणभर बरे वाटते. परंतु जेवणाने ताणलेल्या जठरावर तो भार पडतो व शरीरात एक ग्रॅमहून अधिक सोडियम जाते. महिनोन्महिने अशी पुडी नेणाऱ्या गिऱ्हाइकास ‘एकदा दाखवून घ्या’ असे सांगणे हीदेखील सेवाच होय.

हे आध्मान नव्हे

पोट दिवसेंदिवस वाढत जाऊन पायांवर सूज येत असेल, तर उदकोदराचा विचार करून तातडीने तपासणी करावी. मल व अपानवायू पूर्ण बंद होऊन उलट्या व कळा येत असतील, तर आंत्रावरोध समजून विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे पाठवावे; येथे चूर्ण, तेल वा बस्ती यांत वेळ दवडू नये. वजन घटणे, काळा वा रक्तमिश्रित मल, कावीळ, गिळताना अडथळा, दोन घासांतच पोट भरणे ही लक्षणे असता पुढील तपासण्या कराव्यात. पन्नाशीपुढील स्त्रीत नव्याने सुरू होऊन टिकून राहिलेला फुगवटा बीजांडकोशाच्या अर्बुदाचे पहिले लक्षण असू शकतो. तिला सोनोग्राफी सांगण्यास संकोच करू नये.

चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, उदक, देश व काल या चार गोष्टी सर्वांना समान असल्याचे सांगितले आहे. पाणी सर्वांचे एक असले तरी ते पिणारा अग्नी, पिण्याची वेळ व पिण्याची संधी प्रत्येकाची निराळी असते. पाण्याने पोट फुगते म्हणणाऱ्या रुग्णाची नाडी पाहण्याबरोबर त्याचा तांब्याही पाहावा, अशी वैद्यबंधूंना विनंती आहे.